सिनेमा आधी की नंतर, रोशनी

रोशनी, तिसरा सीझन येतोय.

तुझ्या तेराव्याच्या दिवशी बातमी आली. ओट्यावर पंगत बसली होती, मी वरण वाढत होते आणि कमरेला खोचलेला फोन थरथरला. हल्ली फोन थरथरला की माझ्या हातून काहीतरी सांडतं. त्या दिवशी वरण सांडलं, रावेरहून आलेल्या तुझ्या मावशीच्या ताटाबाहेर. मला वाटलं, दवाखाना. मग लक्षात आलं की आता दवाखान्यातून फोन यायचं काही कारण उरलेलं नाही. न्हाणीघरात जाऊन बघितलं तर नाववाली. वल्हं खांद्यावर टाकून पाठमोरी उभी, आणि खाली लिहिलेलं, लवकरच.

मी तिथेच बादलीशेजारी बसले. पहिला विचार काय आला सांगू? तुला फोन करायचा.

त्या मालिकेचं खरं नाव आपल्या घरात कोणीच घेतलं नाही. जपानी कार्टून, त्याचं इंग्रजी नाव, तेही हातभर लांब. एकदा तू माजघरात बघत होतीस, आई शेंगा सोलत होत्या. मान वळवून म्हणाल्या, "काय बघू राहिली गं तू? कोन हाय ही नाववाली?" तेव्हापासून ती नाववाली. कादंबऱ्याही नाववालीच्या, सिनेमाही नाववालीचा. तुझा दादा तर डायलिसिसच्या दिवसालाच म्हणायचा, "आज नाववालीचा दिवस आहे ना, गाडी बाहेर काढून ठेवतो."

मंगळवार आणि शुक्रवार. इच्छापूरहून सकाळच्या बसने किंवा दादाच्या मोटरसायकलवर बुऱ्हाणपूर, मग दवाखान्याच्या मागच्या बाजूचा तो लांबट हॉल. आई एकदाच आल्या. नळ्यांमधून तुझं रक्त बाहेर येऊन मशीनमध्ये जाताना त्यांनी पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसल्या. त्यानंतर मीच यायला लागले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू बारावीत होतीस आणि मला 'अहो वहिनी' म्हणायचीस. त्या हॉलमधल्या पलंगावर कधीतरी अहो गळून पडलं. कुठल्या दिवशी ते आठवत नाही, पण कारण आठवतं. तुझं बीपी एकदम खाली गेलं, मशीन ओरडायला लागलं, सिस्टरने तुझे पाय वर केले आणि तू डोळे मिटून म्हणालीस, "वहिनी, तू जाऊ नको." नंतर बरं वाटल्यावर आपण दोघींनीही ते ऐकलंच नाही असं दाखवलं. पण तू पुन्हा अहो म्हणाली नाहीस.

मी घाबरट आहे, तुला माहीत होतं. मला सगळं आधी कळायला हवं असतं. देडतलाईला माहेरी असताना पेपर तपासून व्हायच्या आधी मी सरांच्या घरी जाऊन बसायचे. कुठलंही पुस्तक हातात आलं की शेवटचं पान आधी. तुझे रिपोर्ट यायचे तेव्हा लिफाफा मी दवाखान्याच्या पायरीवरच फोडायचे आणि क्रिएटिनिनचा आकडा शोधायचे. तू मात्र समोरच्या टपरीवर चहाचा एकच घोट घेऊन कप माझ्या हातात द्यायचीस, कारण दिवसभराचं पाणी मोजून प्यायचं होतं, आणि म्हणायचीस, "डॉक्टर सांगतील ना यार. तुला काय घाई आहे?"

म्हणून आपलं भांडण सिनेमावरून झालं, यात नवल नाही.

तू मला पहिला सीझन दाखवलास तेव्हा एक इअरफोन तुझ्या कानात, एक माझ्या. एक नदी, अलीकडे गावं, पलीकडे धुकं. सोरुना नावाची मुलगी लोकांना पलीकडे पोचवते, पण तिने स्वतः त्या काठावर पाय ठेवायचा नाही. तिला नाव चालवायला शिकवणारी तिची गुरू, ताएका, हरवलेली आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी सोरुना धुक्याकडे तोंड करून ताएकाच्या नावाने हाक मारते. उत्तर येत नाही. भाग संपतो. मला ती हाक सहन होईना. तिसऱ्या की चौथ्या भागानंतर मी घरी जाऊन फोनवर शोधलं आणि मला कळलं की मध्ये एक सिनेमा निघालाय आणि त्यात ताएकाचीच गोष्ट आहे, सगळ्याच्या आधी घडलेली.

पुढच्या खेपेला मी म्हटलं, "आपण सिनेमा आधी बघू. आधी घडलं ते आधी बघायचं, सरळ हिशेब आहे."

"नाही."

"का नाही?"

"कारण सिनेमात कळतं ताएकाचं काय झालं. मग सोरुना हाक मारेल तेव्हा तुला फक्त तिची कीव येईल. आत्ता तू तिच्यासोबत वाट बघू राहिली आहेस ना? बस, तेच तर पाहिजे."

"मला वाट बघणं झेपत नाही."

"मालूम है," तू म्हणालीस. "म्हणूनच तुला या ऑर्डरने दाखवतेय."

तुझी ऑर्डर मला आजही तोंडपाठ आहे. पहिला सीझन. मग कादंबरीचा चौथा आणि पाचवा भाग वाचायचा, कारण दुसऱ्या सीझनने ते गाळलेत आणि म्हणून लोकांना सोरुना अचानक एवढी कडक का झाली ते कळत नाही. मग सिनेमा. मग दुसरा सीझन. छोट्या गोष्टींचं पुस्तक कधीही, पण दुसऱ्या सीझनच्या आधी नाही. आणि सातव्यापासून पुढे पुन्हा कादंबऱ्या, कारण तिसरा सीझन कधी येईल कोणास ठाऊक. इंटरनेटवर याच्याशी कोणीच पूर्ण सहमत नव्हतं. तू अनोळखी लोकांशी तावातावाने वाद घालायचीस, सुई लावलेला हात उशीवर तसाच ठेवून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाइप करत.

कादंबऱ्या इंग्रजीत होत्या. तू वाचायचीस आणि वाचता वाचता मला सांगायचीस, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, मोठ्याने, कारण मशीनच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू येत नाही. दमलीस की फोन माझ्याकडे. माझं शिक्षण हिंदी शाळेतलं, इंग्रजी अडखळत. मी शब्दाला थांबले की तू डोळे न उघडता अर्थ सांगायचीस. मला वाटायचं तुला झोप लागली म्हणून मी एखादं वाक्य गाळायचे, तर लगेच, "मागचं वाच."

आपल्या घराच्या तिन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि तुला पोटॅशियमपायी केळं खायची बंदी. हे तुला फार हसू यायचं. ट्रकमध्ये घड चढताना तू ओट्यावर बसून बघायचीस आणि माझ्या परीला सांगायचीस, "परी, आत्याच्या वाटचं तू खा. पण सालीवर पाय देऊ नको, माझ्याकडे आधीच एक दवाखाना चालू आहे." परी हसायची. मी हसायचे आणि त्याच वेळी तुझ्या पायांकडे बघायचे, घोट्यापाशी सूज आहे का.

मग ते दुसरं भांडण, जे खरं भांडण होतं.

इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंड बदललं तर तू आपल्यासारखी जगशील. आईंना साखर, त्यांचं घेता येणार नाही. दादाच्या तपासण्या झाल्या. त्याला स्वतःलाच बीपी निघालं आणि लघवीतून प्रथिनं जातात असंही. मी माझा रक्तगट बघितला. जुळत होता. मी दादाला सांगितलं, आईंना सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिल्या, मग आत गेल्या आणि देवापुढे दिवा लावला. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. माझ्या आईचा देडतलाईहून फोन आला आणि ती रडली. मी सगळ्यांना उत्तर देत होते. तुला सांगायची वेळ आली तेव्हा आपण कादंबरीच्या पाचव्या भागाच्या मध्यावर होतो.

तू ऐकलंस. फोनवर बोट तसंच ठेवलंस. आणि म्हणालीस, "हा भाग संपू दे, मग बोलू."

भाग संपला. मी विचारलं. तू म्हणालीस, "आता सिनेमा. सिनेमा बघताना असलं काही बोलायचं नाही."

सिनेमा संपला, ताएकाचं काय झालं ते कळलं, मी पदर डोळ्यांना लावून रडले आणि तू विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होतीस. मी नाक पुसून पुन्हा विचारलं. "दुसरा सीझन," तू म्हणालीस. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुझी ती ऑर्डर तू माझ्या प्रश्नासमोर आडवी घातली आहेस. एका खेपेत दोन भाग बघायचो, तू एकच बघायला लागलीस. म्हणायचीस, डोकं दुखतंय. मी बसमध्ये, स्वयंपाकघरात, परीचं दप्तर भरताना मनातल्या मनात दिवस मोजत होते. डॉक्टरांनी उशीर करू नका म्हटलं होतं. वहिनी म्हणजे रक्ताचं नातं नाही, म्हणून समितीपुढे जावं लागतं, कोणी दबाव आणला नाही ना हे ते विचारतात, त्यालाही वेळ लागतो. आणि तू मला एका कार्टूनचे भाग पुरवून पुरवून दाखवत होतीस.

मी ऑपरेशनला भीत नव्हते असं समजू नकोस. परी लहान, मला काही झालं तर. पण ती भीती मला उचलता येण्यासारखी होती. तुझ्या वाट बघण्याची भीती मला उचलता येत नव्हती.

दुसरा सीझन एका शुक्रवारी संपला. मी इअरफोन काढला आणि तुझ्याकडे वळले. तू छताकडे बघत होतीस.

"वहिनी, तू देशील," तू म्हणालीस. "मला माहीत आहे. तू खरंच देशील."

"मग?"

"मग मी तुझ्याशी भांडू नाही शकणार. कधीच. तू भाजीत मीठ जास्त टाकलंस तरी मी चुपचाप खाईन. तू म्हणशील सिनेमा आधी, मी म्हणेन, हो वहिनी, तू म्हणतेस तसं. सगळे म्हणतील, बघ तिने तुझ्यासाठी काय केलं. आई म्हणेल, दादा म्हणेल. आणि ते खरंच असेल. मी तुझी मैत्रीण राहणार नाही. मी तुझी कर्जदार होईन."

याचं उत्तर मी तयार करून ठेवलेलं नव्हतं. बाकी सगळ्यांची उत्तरं होती. भीतीचं होतं, परीचं होतं, लोक काय म्हणतील याचंही होतं. मी म्हटलं, "तू भांड ना. मी सांगते तुला, भांड."

"तू सांगितल्यावर भांडणार, त्याला भांडण म्हणतात का?"

सिस्टर आली, तिने हातावरच्या सुया काढल्या, पट्टी दाबून धरायला सांगितली. आपण दोघींनी मिळून ती पट्टी दाबून धरली. बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "तपासण्या करून घे. मग बघू." आणि लगेच, "हे हो नाहीये, हां."

मला ते 'हो'सारखंच वाटलं. मी तपासण्या केल्या. एकेक रिपोर्ट चांगला येत गेला. समितीसाठी कागद दिले, माझा आणि दादाचा लेखी जबाब जोडला. कादंबरीचा सातवा भाग आपण उघडला नाही. तू म्हणालीस, "तो इंदूरला, ऑपरेशननंतर. तेव्हा लोळून वाचायला काहीतरी पाहिजे." मी मनात पिशव्या भरायला घेतल्या. समितीचं बोलावणं यायचं होतं.

बोलावण्याच्या आधी ताप आला. मशीनवरून उठतानाच तुला थंडी वाजायला लागली, दात वाजत होते, मी माझी शाल, शेजारची चादर, सगळं तुझ्यावर टाकलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात इन्फेक्शन आहे, इंदूरला न्या. ॲम्ब्युलन्समध्ये दादा पुढे, मी तुझ्याजवळ. बरोबरचा माणूस म्हणाला, यांना बोलतं ठेवा, झोपू देऊ नका. काय बोलायचं? मी देवाचं नाव घेतलं, तू डोळे मिटलेस. मी परीचं सांगितलं, तू डोळे मिटलेलेच. मग मी म्हटलं, "रोशनी, परी मोठी झाली की मी तिला नाववाली दाखवणार आहे. सिनेमा आधी दाखवणार."

तू डोळे उघडलेस.

"नंतर," तू म्हणालीस.

"आधी. तिला सरळ सरळ कळू दे, काय घडलं ते."

"बावळट आहेस तू," तू म्हणालीस. ओठ कोरडे पडले होते, शब्द नीट फुटत नव्हता, पण चिडून म्हणालीस. मी वाद वाढवत नेला. खंडवा गेलं, त्यापुढचा घाट गेला, मी तुला एकामागून एक चुकीच्या ऑर्डरी सांगत होते आणि तू मान हलवत होतीस, नाही, नाही. इंदूरला स्ट्रेचर आत गेलं तोपर्यंत तू जागी होतीस. त्यानंतर काचेतून बघितलं फक्त.

मला तुला सांगायचं राहिलं की तुझं म्हणणं बरोबर होतं. सिनेमाचंही, आणि त्या दुसऱ्या गोष्टीचंही थोडंसं. तू माझी कर्जदार झाली असतीस की नाही मला माहीत नाही. पण ते तू तोंडावर बोललीस, हे माझ्याकडे राहिलं. या घरात मला एवढं खरं कोणी बोललेलं नाही. आणि हेही सांगायचं राहिलं की त्या हॉलमध्ये घालवलेल्या सकाळी मला आवडायच्या. असं म्हणायला भीती वाटते. तुला सुया टोचलेल्या असायच्या आणि मला तिथे यायला आवडायचं.

आता घरात कोणी आजारी नाही आणि मी जास्त घाबरते. परी सकाळी उठली की तिचे डोळे सुजलेत का बघते. तिच्या पायाच्या नळीवर अंगठा दाबते, खळगा पडतो का. ती म्हणते, "मम्मी, गुदगुल्या होतात." परवा मी तिची लघवी तपासून आणली. काही नाही निघालं. दादा म्हणाला, "पुरे आता." पण तोही मंगळवारी सकाळी मोटरसायकल बाहेर काढतो आणि मग पुसत बसतो. आई तुझा फोन चार्जिंगला लावून ठेवतात. त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. त्या नुसता उजेड लागतो का बघतात आणि परत ठेवतात.

गेल्या शुक्रवारी मी त्या हॉलमध्ये गेले. तुझी रक्तवाढीची इंजेक्शनं फ्रिजमध्ये तशीच होती, आई म्हणाल्या, "कोनाच्या तरी कामी येतीन, देऊन ये." दारापर्यंत गेले. आत मशीनचा तोच आवाज. तुझ्या पलंगावर कोणी तरुण माणूस झोपलेला, त्याच्या पायाशी त्याची बायको. मी सिस्टरकडे इंजेक्शनं दिली आणि वळले तर कोणीतरी हाक मारली, "बेटा."

भिंतीकडच्या पलंगावरच्या बाई. इतवारा मोहल्ल्यातल्या, सगळे त्यांना खाला म्हणतात. तुला आठवत असतील, कायम डोक्यावरून ओढणी घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. आपण त्यांच्याशी कधी चार शब्द बोललो नव्हतो. मी जवळ गेले. मला वाटलं, तुझ्याबद्दल विचारतील, आणि काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले. त्यांनी माझा हात धरला. त्यांना कळलेलं होतं. मग म्हणाल्या, "वो नाव वाली का आगे क्या हुआ?"

मला आधी समजलंच नाही. मग एकेक समजत गेलं. त्या झोपलेल्या नसायच्या. इअरफोन आपल्या कानात, त्यामुळे त्यांनी एकही सीझन पाहिलेला नाही, सिनेमा नाही. त्यांनी फक्त आपण मोठ्याने वाचलेला चौथा आणि पाचवा भाग ऐकला होता, तोही तुझ्या अर्ध्या मराठीत, जेवढा कळला तेवढा. सोरुना कोण, नदी कुठली, ताएका कोण, काही माहीत नाही. तरी त्यांना पुढचं हवं होतं.

मी म्हटलं, "खाला, शुरू से सुनाती हूँ. बीच का सुनके समझ में नहीं आएगा."

"शुरू का बाद में बता देना," त्या म्हणाल्या. "अभी आगे का बताओ."

मी सांगितलं की आगे का मला माहीत नाही. सातवा भाग आम्ही वाचलाच नाही.

"तो पढ़ो," खाला म्हणाल्या, आणि पायाशी ठेवलेली पिशवी सरकवून मला जागा करून दिली.

रोशनी, मी बसले. तू इंदूरसाठी ठेवलेला तो भाग मी माझ्या फोनवर उघडला. तू तो आधीच गुपचूप वाचून टाकला होतास का, हे मला कधीच कळणार नाही. तुझ्या ऑर्डरप्रमाणे सातवा भाग दुसऱ्या सीझननंतर येतो, म्हणजे माझ्यासाठी जागा बरोबर होती. खालांसाठी सगळंच चुकीचं. पहिल्याच ओळीत एक शब्द अडला आणि मी सवयीने थांबले. कोणी अर्थ सांगितला नाही. मी तो अंदाजाने लावला आणि पुढे गेले, इंग्रजी वाचायचं, मग हिंदीत सांगायचं, आणि मशीन चालू होतं. सोरुना नाव धुक्यात घालते तिथपर्यंत पोचले तेव्हा खाला डोळे मिटून म्हणाल्या, "ज़रा ज़ोर से, बेटा."

मी आवाज वाढवला.